बांधावरचे माहेर

गेल्या भाऊबीजेला आमच्या सासुरवाडीत बांधावरून भांडण झाले. त्यात नवल ते काय, असे आपण म्हणाल. जेथे बांध तेथे भांडण, हा आपल्या मुलखाचा नियमच आहे. बांध कोरला म्हणून कोर्टात गेलेला आणि कोर्टात जाऊन शेत गमावून बसलेला एखादा तरी काका प्रत्येकाच्या नात्यात असतोच. पण आमच्या भांडणाची तऱ्हा निराळी होती. ज्या बांधापायी दोन पिढ्या एकमेकांशी बोलत नव्हत्या, त्याच्या दोन्ही अंगांचे मालक, म्हणजे माझा धाकटा मेहुणा आणि त्याचा चुलतभाऊ, या खेपेस एका बाजूला होते. दोघांनी मिळून बांध मोडायचा ठरवला होता. आणि बांध राखायला कंबर कसून उभी राहिली होती ती आमची नववीतली कन्या, जिच्या नावावर सातबारा तर सोडाच, पण सायकलसुद्धा नाही.

सासुरवाडी आमची वसमतची. हे गाव पूर्वी परभणी जिल्ह्यात मोडत असे; १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेले. काळी जमीन, पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी, आणि त्या दोहोंच्या जोरावर उभी राहिलेली हळद. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पुण्यात शेजारीपाजारी पेढे वाटले आणि पुढे आठवडाभर आमच्या आमटीत हळद अंमळ जास्तच पडली. दिवाळीच्या सुमारास तिकडे जावे, तर हळद कमरेएवढी उभी असते. मृगाच्या आगेमागे लावलेली, शिमग्याच्या सुमारास निघायची. मधल्या या दिवसांत नुसती रुंद हिरवी पाने, आणि शेतात शिरले की कपड्यांना लागणारा तो ओला सुवास.

तर या हळदीच्या कडेला तो बांध. चार हात रुंद. त्यावर रुई, तरवड, टाकळा, दोन-चार एरंड, एक बोर, आणि मधोमध एक म्हातारा कडुलिंब. त्या लिंबाच्या एका फांदीवर बांडगूळ माजलेले. मेहुण्याच्या मते ही सारी अडगळ. बांध काढला तर दोघांनाही हळदीचे दोन-दोन बेड जास्त बसतात, उंदीर-घुशींची वस्ती मोडते, आणि ट्रॅक्टर वळवायला जागा होते. दिवाळी झाली की जेसीबी यायचा होता. तोवर रुई-टाकळ्यावर मारायला तणनाशकाचा डबाही आणून ठेवलेला होता.

कन्येने मात्र शाळेच्या प्रकल्पासाठी त्या बांधावर तीन सकाळी बसून फुलपाखरे मोजली होती. तिची वही मी पाहिली, आणि खरे सांगतो, मला लाज वाटली. वीस वर्षे मी त्या बांधावरून सासुरवाडीच्या थाटात हिंडतो आहे. पण रुईच्या पानामागे टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे अंडे असते हे मला ठाऊक नव्हते. इंग्रजीत ‘प्लेन टायगर’ म्हणतात ते तांबूस, काळ्या-पांढऱ्या कडेचे फुलपाखरू आपली अंडी रुईच्या कुळातल्या झाडांवर घालते. रुईच्या चिकातले विष अळी पचवते, आणि ते तिच्या अंगात उतरून फुलपाखरू झाल्यावरही राहते. एकदा त्याची चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

मौज पुढेच आहे. ‘डॅनाइड एगफ्लाय’ नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब या विषारी फुलपाखराचा वेष घेते. अंगात विष नाही, पण रुबाब तोच! हिची अळी खाते काय, तर आपली घोळीची भाजी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात वाघ-सिंहांच्या पंगतीला या फुलपाखराचेही नाव नेऊन बसवले गेले होते. म्हणजे फुलपाखराला हात लावाल तर गुन्हा, आणि ते ज्या घोळीवर जगते ती मात्र उपटून बांधावर फेकायची!

आणि लिंबावरच्या त्या बांडगुळाची गोष्ट ऐका. महाराष्ट्राच्या जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावे दिली, त्यांत ‘कॉमन जेझेबेल’चे नाव ठेवले ‘हळदीकुंकू’. पंखांच्या खालच्या अंगाला पिवळाधमक रंग, काळ्या शिरा, आणि कडेला तांबडे ठिपके. नाव ठेवणाऱ्याला नमस्कार केला पाहिजे! या हळदीकुंकवाची अळी बांडगुळाच्या कुळावरच वाढते. आणि बांडगूळ झाडावर चढते कसे? फुलटोचा नावाचा अंगठ्याएवढा पक्षी त्याची फळे खातो आणि चिकट बी फांदीला पुसतो. पक्षी, बांडगूळ, फुलपाखरू अशी ही साखळी. वसमतला हळद आहे आणि हळदीकुंकू नाही असे व्हायला नको असेल, तर ते बांडगूळ राहिले पाहिजे, असा कन्येचा युक्तिवाद होता.

मेहुण्याने तो शांतपणे ऐकला. मग तो आम्हा दोघांना हळदीत घेऊन गेला. एक पान नळीसारखे गुंडाळलेले होते. त्याने ते अलगद उलगडले. आत एक हिरवीगार, काळ्या डोक्याची अळी.

“दाजी, ही कशाची अळी आहे, सांगा बरं.”

मी अर्थातच गप्प.

“ग्रास डेमन!” कन्या ओरडली. “मामा, हेही फुलपाखरूच आहे. काळपट तपकिरी असतं, मागच्या पंखावर मोठा पांढरा डाग. हळद-आल्याच्या पानांवरच वाढतं.”

“अस्सं. मंग मी जे फवारतो, ते तुमच्या फुलपाखरावरच ना?” मेहुणा म्हणाला. “कामून उगंच बांधाचं कौतुक करता? फुलपाखरू म्हणजे माझ्या हळदीची कीड. हिला संपवायला मी दर साली पैसे मोजतो.”

हा वार बिनतोड होता. पाने गुंडाळणारी अळी म्हणून शेतीच्या पुस्तकांत तिचे नाव आहेच. थोडी असली तर गुंडाळलेली पाने वेचून नष्ट करावीत असा साधा सल्ला शेतीची जाणती माणसे देतात; पण वेचायला माणूस मिळत नाही आणि फवारा खांद्यावर तयार असतो, ही आजची गोष्ट.

त्या रात्री ओसरीवर मी मेहुण्याला एक जुनी कथा सांगितली. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस एलिनॉर ग्लॅनव्हिल नावाची एक श्रीमंत बाई होऊन गेली. तिला फुलपाखरे गोळा करायचा नाद. १७०९ साली ती वारली, तेव्हा मृत्युपत्रात नातलगांच्या मनासारखे काही निघाले नाही. झाले! मंडळी कोर्टात गेली. म्हातारी वेडी होती, तेव्हा मृत्युपत्र रद्द करा, असा त्यांचा दावा. १७६६ साली मोझेस हॅरिस नावाच्या गृहस्थाने लिहून ठेवले आहे, की शहाणा माणूस फुलपाखरांच्या मागे धावेलच कशाला, हेच नातलगांचे म्हणणे होते. मृत्युपत्र अखेर रद्द झाले. पण तिला सापडलेल्या एका फुलपाखराला तिचे नाव चिकटले, ‘ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी’.

“म्हंजे तिकडंबी भाऊबंदकी आहेच की,” मेहुणा खूष होऊन म्हणाला.

पुढची गोष्ट याच फुलपाखराची. फिनलंड आणि स्वीडन यांच्या मधल्या समुद्रात ऑलंड नावाची बेटे आहेत. तेथे कोरड्या गवताची सुमारे चार हजार छोटी छोटी कुरणे विखुरलेली आहेत. काही तर आपल्या अंगणाएवढी. इल्क्का हान्स्की नावाच्या फिनिश शास्त्रज्ञाने १९९० नंतर या कुरणांतल्या ग्लॅनव्हिल फुलपाखरांची शिरगणती सुरू केली. शरद ऋतूत अळ्या रेशमाची घरटी विणून एकत्र राहतात; विद्यार्थ्यांच्या टोळ्या जाऊन ती घरटी मोजत. वर्षामागून वर्षे मोजणी चालली, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. कुठल्याही एका वर्षी फुलपाखरे असत ती थोड्याच कुरणांत, बाकीची रिकामी. आणि पुढच्या वर्षी पाहावे, तर कितीतरी भरलेली कुरणे रिकामी झालेली, आणि रिकामी होती त्यांतली कितीतरी भरलेली! एकाही कुरणाचा भरवसा नाही. पण सारी कुरणे मिळून पाहिली तर फुलपाखरू टिकून आहे.

हे कसे? मी म्हटले, “आपल्याच घराकडे बघ.” साऱ्या खानदानात एकही घर असे नसते, की जेथे कधी दिवा विझला नाही. एका घरी साथ येते, एका घरी मूलबाळ नसते, एक घर कर्जात बुडते. तरी कूळ चालते, कारण लेकी-सुना या घरातून त्या घरात जातात, दत्तक येतात, पोरके भाचे मामाकडे वाढतात. फुलपाखरांचेही तसेच. पोटात अंडी घेऊन मादी उडते, शेजारच्या ओसाड कुरणात उतरते आणि तेथे संसार मांडते. आणि जेथे वस्ती रोडावली आहे तेथे बाहेरून चार माद्या आल्या, तर ते घर विझता विझता वाचते. शास्त्रज्ञांचे मोठे शब्द सोडून द्या; ही फुलपाखरांची भाऊबीजच आहे.

पण त्याला एक अट आहे. घरे एकमेकांच्या पल्ल्यात हवीत. ग्लॅनव्हिलची मादी फार तर दोन-तीन किलोमीटर जाते. आपले रुईवरचे फुलपाखरू लांब उडणारे आहे, त्याला गावे ओलांडता येतात; टाकळ्यावरची इवलीशी पिवळी फुलपाखरे जमिनीलगत, रमतगमत उडणारी. त्यांना मध्ये विसाव्याला बांध लागतो, ओढ्याचा काठ लागतो, गायरान लागते, म्हसोबाच्या देवळामागचे चार झुडपांचे बन लागते. मैलभर नुसती हळद, मग मैलभर नुसता ऊस, मग नुसते सोयाबीन असे झाले, की लेकीला माहेरी जायला वाटच उरत नाही. जी घरे विझतात ती मग विझलेलीच राहतात.

आणि सर्वांत खोडसाळ गोष्ट अशी, की हे लगेच कळत नाही. आज बांध मोडला म्हणून उद्या फुलपाखरे नाहीशी होत नाहीत. उरलेल्या तुकड्यांवर ती काही वर्षे दिसत राहतात, आणि आपण म्हणतो, काही झाले नाही. मग एका कोरड्या वर्षी एक तुकडा रिकामा होतो, दुसऱ्या वर्षी दुसरा, आणि तो भरायला कोणी येत नाही. डेव्हिड टिल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली याला कर्जाची उपमा दिली. जागा आज मोडायची आणि तिचे देणे पुढे कधीतरी जीव देऊन फेडायचे.

कर्ज म्हटल्यावर मेहुणा सरसावून बसला. हा विषय त्याला माझ्यापेक्षा अधिक कळतो.

आता गंमत ऐका. तुकड्यातुकड्यांनी जगणाऱ्या प्राण्यांचे हे गणित प्रथम मांडले ते अमेरिकेतल्या रिचर्ड लेव्हिन्स यांनी, १९६९ साली. आणि कशासाठी? फुलपाखरे वाचवण्यासाठी नव्हे, तर पिकावरची कीड आटोक्यात कशी आणावी याच्या विचारातून! म्हणजे ज्या हिशेबाने कीड हटवायची, तोच हिशेब उलटा वाचला की फुलपाखरू वाचते. सारे शिवार एकाच वेळी एकसारखे केले, की जीव संपतो. मेहुण्याची हळद मात्र सलग मैलभर आहे. तेथे अळीला प्रत्येक पान म्हणजे सासर आणि माहेरही. तिची त्याने चिंता करायची ती करावी, फुलपाखरू म्हणून तिचे कौतुक मी त्याच्या गळ्यात बांधत नाही. प्रश्न आहे तो बांधावरच्या बाकीच्यांचा, ज्यांनी हळदीचे एक पानही कधी कुरतडलेले नाही.

“मंग बांध तसाच ठेवायचा? रान माजू द्यायचं?” मेहुण्याने विचारले.

येथे मला इंग्रजांचीच एक फजिती आठवली. त्यांच्याकडे ‘लार्ज ब्लू’ नावाचे सुंदर निळे फुलपाखरू होते. त्याची अळी मुंग्यांच्या वारुळात वाढते, तीही एकाच जातीच्या लाल मुंगीच्या. लोकांनी प्रेमाने काय केले? माळाला कुंपण घातले, गुरे-मेंढरे बाहेर काढली. गवत उंच झाले, जमिनीवर ऊन पडेना, जमीन थंड पडली, ती मुंगी गेली, आणि तिच्यामागून १९७९ साली इंग्लंडमधून फुलपाखरूही गेले. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने हे गूढ उकलले, पण तोवर उशीर झाला होता. पुढे स्वीडनमधून अळ्या आणून, गुरे पुन्हा माळावर सोडून, १९८३ पासून ती वस्ती नव्याने वसवावी लागली. तात्पर्य, कुंपण घालून देवासारखे पूजणे हाही उपाय नव्हे. बांधावर विळा चालावा, शेळी चरावी. फक्त सारे एकदम तासू नये, आणि विष ओतू नये. अर्धा बांध यंदा साफ करावा, अर्धा पुढच्या साली.

माझे हे प्रवचन ऐन रंगात असताना मेहुण्याने सहज विचारले, “दाजी, तुमच्या पुण्याच्या इमारतीमागं ते लिंबोणीचं झाड होतं, त्याचं काय झालं?”

वाचकहो, येथे मला पाणी प्यावेसे वाटले. त्या लिंबोणीवर दर पावसाळ्यानंतर फुलपाखरे येत. त्यांच्या अळ्या लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, कोणाला किळस यावी इतक्या, आणि मोठ्या होतात तशा पानासारख्या हिरव्यागार. दोन वर्षांपूर्वी गाड्या ठेवायला जागा हवी म्हणून ते झाड काढायचा कागद घरोघर फिरला. तेरा घरांनी सह्या केल्या. त्यांतली सातवी सही माझी. तीही एका मोटारीसाठी, जी आठवड्यातून दोनदा बाहेर निघते. मेहुण्याच्या चार बेडांमागे मुलाची फी तरी होती, हळदीचा पडता भाव होता. माझ्या सहीमागे काय होते?

सौ. दारात उभी राहून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, “त्या बोरीखाली मी लहानपणी बोरं वेचली आहेत. तुम्ही दोघं काय ठरवायचं ते ठरवा.” बस. माहेरवाशिणीने भाऊबीजेला याहून जास्त बोलायचे नसते, आणि याहून कमी बोलून भागतही नाही.

निकाल काय लागला ते सांगतो. तो पुस्तकातल्यासारखा गोड नाही. जेसीबी आला. बांधाचा खालचा अर्धा भाग गेला, त्यावरची रुई आणि तरवड गेली. चुलतभावाने शब्द दिला होता, त्याची दोन बेडांची आशा पुरती मोडणे मेहुण्याला जमेना, आणि तीन पिढ्यांनी जुळलेले सूत फुलपाखरांपायी तोडा असे मलाही सांगवेना. वरचा अर्धा भाग मात्र राहिला, लिंब, बोर आणि बांडगुळासकट. विष मारायचे नाही, विळ्याने कापायचे, असे ठरले. यंदा गणपतीनंतर आम्ही गेलो तेव्हा कन्येने पुन्हा तीन सकाळी मोजणी केली. आकडे गेल्या वर्षीपेक्षा फारसे कमी नाहीत. ती आनंदात होती. मी पूर्ण आनंदात नव्हतो. कर्जाचा पहिला हप्ता कधी पडतो हे एका वर्षात कळत नसते.

शहरात राहणाऱ्या आपणा मंडळींना बांध नाहीत, पण गच्ची आहे, खिडकी आहे. ठाण्याला ओवळेकर वाडीत राजेंद्र ओवळेकरांनी मोकळ्या जमिनीवर फुलपाखरांची बाग वसवली, ती नुसती फुले लावून नव्हे; अळ्यांना खायला लागतात ती झाडे लावून. खरी मेख तेथे आहे. फूल म्हणजे फुलपाखराचे उपाहारगृह. घर म्हणजे ती अळीची वनस्पती. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला, असा मान देणारे देशातले पहिले राज्य आपले. पण त्या राजाचीही अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांचीच पाने खाते. आपल्या दारचे लिंबोणीचे झाड तोडून भिंतीवर त्याची तसबीर लावण्यात अर्थ नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आमच्या गॅलरीत आता तेलाच्या जुन्या डब्यात कढीलिंब आहे. आषाढात एक काळे-पांढरे फुलपाखरू येऊन गेले, आणि आठ दिवसांत फोडणीला पान उरले नाही. सौ. कुरकुरते, पण अळीला हात लावू देत नाही.

परवाच मेहुण्याचा फोन आला. भाऊबीजेला कधी निघता, गाडीचे आरक्षण झाले का, हे विचारून झाल्यावर तो म्हणाला, “दाजी, त्या तणनाशकाचा डबा तसाच पडलाय. दुकानदार वापस घेईना. पोरीला म्हणावं, मामाचे पैसे तिच्याकडं निघतात.”

भाऊबीजेच्या ओवाळणीतून ते वळते करून घ्यावेत, असे मी त्याला कळवले आहे.